ताटाचा प्रश्न मुलींच्या तोंडून

कामगारांच्या सभांत आमचे आयुष्य गेले. मजुरी, महागाई, बोनस यांवर आम्ही तासन्‌तास बोललो. परंतु घरी आलेली मजुरी कोणाच्या ताटात किती पडते, हे आम्ही कधी विचारले नाही. तो प्रश्न आम्हांस जामखेड तालुक्यातील एका गावच्या शाळकरी मुलींनी, एका नाटुकल्यातून विचारला.

जामखेडला अशा कामाची परंपरा आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील ह्या दुष्काळी तालुक्यात १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पुढे किशोरवयीन मुलींचे गटही तेथे उभे राहिले. आरोग्य ही केवळ डॉक्टरांची मिरास नव्हे, हा धडा या मुलखाने असा गिरवला आहे.

आम्ही पाहिलेला खेळ दसऱ्याच्या सुमारास, माणसे ऊसतोडीस निघण्यापूर्वी, देवळापुढे झाला. घरातली थोरली मुलगी सर्वांच्या शेवटी जेवते. वाट्याला अर्धी भाकरी आणि तळाशी उरलेले पातळ कालवण. शाळेत तिला भोवळ येते. घरचे अंगारा लावतात. मग शेवगा, मटकी, बाजरी आणि लिंबू अशी सोंगे येऊन भांडतात : ‘आम्ही तुमच्या दारात, शिवारात, मग ताटात का नाही?’

हसता हसता शास्त्र समजत होते. रक्तक्षय बहुधा लोहाच्या कमतरतेने होतो. बाजरी, कडधान्ये, पालेभाज्या यांत लोह असते. लिंबू पिळले म्हणजे ते अंगी अधिक लागते. चहात भाकरी चुरून खाल्ली तर मात्र चहा ते शोषू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी सुमारे ५९ जणींस रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्यास मिळणारी लोहाची निळी गोळी याचसाठी असते.

हे व्याख्यानातून सांगता आले नसते काय? आले असते, पण आईपुढे ‘मला आधी वाढ’ म्हणण्याचे धैर्य मुलीस होत नाही. सोंग घेतले की होते. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हाही हेच गमक होते : ज्याचे दुःख, त्याच्याच तोंडी त्याची भाषा.

खेळ संपल्यावर एक म्हातारे ऊसतोड कामगार उठले. म्हणाले, ‘पोरींनो, सहा महिने आम्ही फडावर. तिथं शेवगा कुठला अन्‌ लिंबू कुठलं?’ सभा गप्प झाली. लिंबू झालेली मुलगी हळूच म्हणाली, ‘आबा, नसंल ते नसू द्या. पण असंल ते तरी सारखं वाढा.’

आबांचा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर मजुरीवाढीत, फडावरच्या रेशनात आहे, आणि ते मिळविणे आमच्यासारख्यांचे काम आहे. मुलीचे उत्तरही तितकेच खरे आहे; त्यासाठी कोणत्याही कारखानदाराशी करार करावा लागत नाही. दोन्ही लढे एकाच ताटाचे आहेत. त्या दिवसापासून आम्ही सभेत मजुरीचा हिशेब मांडला की शेवटी विचारतो : तुमच्या घरी शेवटी कोण जेवते?