एक टाचणी, दोन टाचण्या

पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घ्या. त्यांची टोके एकमेकांवर ठेवून एक टाचणी टोचा. पट्ट्या सहज फिरतात. आता शेजारी दुसरी टाचणी टोचा. फिरणे बंद! कार्बनच्या दोन अणूंचेही असेच असते. त्यांच्यात एकेरी बंध असेल, तर ते फिरू शकतात. दुहेरी बंध असेल, तर सहसा फिरू शकत नाहीत. असा दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनांना अल्कीन म्हणतात.

आता वहीत २-ब्युटीन हे अल्कीन काढू या. मध्ये दोन कार्बन लिहा व त्यांना दोन समांतर रेषांनी जोडा. प्रत्येक कार्बनपासून एक रेषा तिरकी वर आणि एक तिरकी खाली काढा. रेषांमधील कोन सुमारे १२० अंशांचा ठेवा. मग प्रत्येक कार्बनला एक हायड्रोजन व एक मेथिल गट जोडा. दोन्ही मेथिल गट एकाच बाजूला आले, तर तो ‘सिस’ समघटक. एक वर व एक खाली आला, तर तो ‘ट्रान्स’. लॅटिन भाषेत सिस म्हणजे अलीकडे आणि ट्रान्स म्हणजे पलीकडे. सगळे अणू एका सरळ ओळीत लिहिले, तर हा फरक दिसणारच नाही.

चारही अणू वेगळे असले तर? मग अणुअंक पाहा. समजा, एका कार्बनवर ब्रोमीन (३५) व क्लोरीन (१७) आहे आणि दुसऱ्यावर फ्लोरीन (९) व हायड्रोजन (१) आहे. येथे ब्रोमीन आणि फ्लोरीन मोठे. ते एकाच बाजूला असतील, तर नावाआधी ‘झेड’ लिहितात. विरुद्ध बाजूंना असतील, तर ‘ई’. ही जर्मन शब्दांची आद्याक्षरे आहेत. त्यांचे अर्थ ‘एकत्र’ आणि ‘विरुद्ध’ असे आहेत.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. मॅलेइक आम्ल आणि फ्युमरिक आम्ल यांचे रेणुसूत्र एकच आहे. पण पहिले १४० अंश सेल्सिअसच्या आतच वितळते, तर दुसऱ्याला २८० अंशांहून अधिक तापमान लागते. पहिले सिस, दुसरे ट्रान्स! डच शास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी १८७४ मध्ये हे कोडे उलगडले.

तुमच्या डोळ्यांतही असा एक रेणू आहे. त्याचे नाव रेटिनल. त्याच्यावर प्रकाश पडला, की जणू एक टाचणी क्षणभर सैल होते. सिस रेटिनल ट्रान्स होते आणि मेंदूकडे संदेश जातो. या संशोधनासाठी जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचू शकलात, तेही याच बदलामुळे!