सई परांजपे यांची दूरचित्रवाणी कारकीर्द

सई परांजपे (जन्म : १९ मार्च १९३८, लखनौ) या मराठी व हिंदी भाषांत काम करणाऱ्या भारतीय दिग्दर्शिका, पटकथाकार, नाटककार व लेखिका आहेत. स्पर्श, चष्मेबद्दूर, कथा आणि दिशा या हिंदी चित्रपटांमुळे त्या सर्वसामान्य प्रेक्षकांना परिचित असल्या, तरी त्यांच्या दिग्दर्शनाची जडणघडण त्याआधी, दिल्लीच्या दूरचित्रवाणी केंद्रावर झाली. भारतातील दूरचित्रवाणी तेव्हा बाल्यावस्थेत होती आणि स्टुडिओतील बहुसंख्य कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा हा कालखंड, थेट प्रक्षेपणाची कार्यपद्धती आणि पुढील चित्रपटांवर तिचा झालेला परिणाम यांचा विचार केला आहे.

बालपण व शिक्षण

सई परांजपे यांच्या मातोश्री शकुंतला परांजपे या लेखिका, अभिनेत्री व कुटुंबनियोजनाच्या क्षेत्रातील आद्य कार्यकर्त्या होत्या. प्रभात फिल्म कंपनीच्या कुंकू (१९३७) या चित्रपटात त्यांनी भूमिका केली होती आणि पुढे त्या राज्यसभेच्या नियुक्त सदस्य झाल्या. वडील युरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार होते. आजोबा रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे केंब्रिज विद्यापीठात सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय (१८९९). ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते व पुढे भारताचे ऑस्ट्रेलियातील उच्चायुक्त झाले. सई यांचे बालपण प्रामुख्याने पुण्यात आणि काही वर्षे ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे गेले.

चित्रपट दिग्दर्शक अच्युत रानडे हे त्यांचे नातेवाईक होत. फर्ग्युसन टेकडीवरील त्यांच्या घरी लहानग्या सईला गोष्टी ऐकायला मिळत आणि त्या पटकथा वाचून दाखवावी तशा सांगितल्या जात. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचे मुलांचा मेवा हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर निवेदिका म्हणून त्यांच्या व्यावसायिक आयुष्याला प्रारंभ झाला. तेथील मुलांच्या कार्यक्रमांमुळे त्यांचे नाव परिचित झाले. त्यानंतर त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या कार्यकाळात शिक्षण घेतले व १९६३ मध्ये पदविका मिळविली. नभोवाणीचा आवाज आणि रंगभूमीची शिस्त ही दुहेरी शिदोरी घेऊन त्या दूरचित्रवाणीकडे वळल्या.

पार्श्वभूमी : दिल्ली दूरचित्रवाणी

भारतात दूरचित्रवाणीचा प्रायोगिक प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. हे केंद्र आकाशवाणीचाच एक भाग होते. युनेस्कोच्या साहाय्याने सुरू झालेल्या या उपक्रमाचा हेतू मनोरंजनाचा नव्हता, तर शिक्षण व समाजप्रबोधनाचा होता. सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवसच, तेही अल्पकाळ, कार्यक्रम दाखविले जात. केंद्राच्या उभारणीच्या काळात पु. ल. देशपांडे यांनीही तेथे काम केले होते. १९६५ मध्ये दैनंदिन सेवा व वार्तापत्र सुरू झाले. २६ जानेवारी १९६७ पासून शेतकऱ्यांसाठी कृषिदर्शन हा कार्यक्रम आरंभला गेला. १९७२ पर्यंत देशात दिल्ली हे एकच दूरचित्रवाणी केंद्र होते आणि त्याचे प्रक्षेपण शहर व भोवतालच्या परिसरापुरतेच पोहोचत असे.

या केंद्रावर सई परांजपे यांनी अनेक वर्षे निर्मात्या व दिग्दर्शिका म्हणून काम केले. त्या काळी निर्माता आणि दिग्दर्शक ही पदे प्रत्यक्षात एकच असत. विषय निवडणे, संहिता लिहिणे वा लिहवून घेणे, कलावंत जमविणे, तालमी घेणे आणि प्रक्षेपणाच्या वेळी नियंत्रण कक्षात बसून कार्यक्रम चालविणे, या सर्वांची जबाबदारी एकाच व्यक्तीवर येई.

थेट प्रक्षेपणाची कार्यपद्धती

चित्रपटाचा दिग्दर्शक दृश्ये तुकड्यातुकड्यांनी टिपतो आणि नंतर संकलनाच्या टेबलावर त्यांची जुळणी करतो. थेट दूरचित्रवाणीत ही सोय नसते. टिपणे, जुळविणे आणि दाखविणे या तिन्ही क्रिया एकाच क्षणी घडतात. त्यामुळे दिग्दर्शकाला संकलन आधीच, कागदावर, करून ठेवावे लागते. या कागदाला कॅमेरा संहिता म्हणतात. तिच्या एका बाजूस संवाद असतात व दुसऱ्या बाजूस कोणत्या शब्दावर कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र घ्यायचे याची नोंद असते.

स्टुडिओत सामान्यतः दोन किंवा तीन कॅमेरे चाकांच्या स्टँडवर उभे असत. नियंत्रण कक्षात प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र वेगळ्या पडद्यावर दिसे. दिग्दर्शक कानावरील हेडफोनद्वारे कॅमेरामनना सूचना देई आणि ठरलेल्या क्षणी चित्र बदलण्याची आज्ञा करी; मिश्रकाच्या कळा दाबून ती अमलात आणली जाई. नियंत्रण कक्ष आणि कलावंत यांच्यामधला दुवा म्हणजे फ्लोअर मॅनेजर. स्टुडिओत आवाज करण्याची मुभा नसल्याने तो केवळ हातवाऱ्यांनी बोलत असे : आता सुरू करा, लांबवा, आटोपते घ्या, थांबा. ध्वनिग्राहक लांब दांडीला टांगून कलावंतांच्या डोक्यावरून फिरविला जाई; त्याची सावली चित्रात पडू न देणे हे एक स्वतंत्र कौशल्य होते. शीर्षके पुठ्ठ्यावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरली जात. बाहेरचे दृश्य हवे असल्यास ते आधी फिल्मवर चित्रित करून टेलिसिने या यंत्राच्या साहाय्याने नेमक्या वेळी कार्यक्रमात जोडावे लागे.

या मर्यादांतून नाट्यलेखनाचे काही नियम आपोआप तयार झाले. पात्रे थोडी असावीत, कारण छोट्या जागेत तीनच कॅमेरे फिरणार. स्थळे दोन-तीनच असावीत. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना कलावंताला नेपथ्यामागून धावत जाण्यास व पोशाख बदलण्यास अवधी मिळावा, म्हणून मध्ये दुसऱ्या पात्रांचा संवाद घालावा. तालमी नाटकासारख्या सलग घ्याव्यात, मात्र अभिनय नाट्यगृहातील शेवटच्या रांगेसाठी नसून हातभर अंतरावरील कॅमेऱ्यासाठी असावा. चूक झालीच, तर ती सांभाळून पुढे जावे. पुन्हा घेण्याची संधी नाही. ज्याला रंगभूमीचे अंग आहे आणि चित्राची नजरही आहे, असाच दिग्दर्शक येथे टिकू शके. नाट्य विद्यालयात शिकलेल्या सई परांजपे यांना हे माध्यम मानवले, याचे कारण या दुहेरी गरजेत शोधता येते.

हा अनुभव केवळ भारतापुरता नव्हता. अमेरिकेत १९५० च्या दशकात सिडनी ल्युमेट यांच्यासारखे दिग्दर्शक थेट दूरचित्रवाणीतूनच घडले. ल्युमेट यांचा १२ अँग्री मेन (१९५७) हा एकाच खोलीत घडणारा चित्रपट मुळात रेजिनाल्ड रोझ यांनी लिहिलेले, १९५४ मध्ये थेट प्रक्षेपित झालेले दूरचित्रवाणी नाट्य होते. दूरचित्रवाणी नाट्याचे चित्रपटात रूपांतर करण्याची हीच वाट पुढे सई परांजपे यांनीही चोखाळली.

द लिटल टी शॉप आणि मुंबई केंद्र

१९७२ मधील द लिटल टी शॉप या त्यांच्या दूरचित्रवाणीपटास तेहरान येथे एशियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी मुंबई दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. या केंद्राच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती करण्यासाठी सई परांजपे यांची निवड झाली होती.

मुंबई केंद्रामुळे मराठीला दूरचित्रवाणीवर स्वतःचे घर मिळाले. विनायक चासकर, विजया जोगळेकर-धुमाळे, सुहासिनी मुळगावकर, विनय आपटे, याकूब सईद अशा निर्मात्यांची पिढी तेथे पुढे आली. गजरा, आमची माती आमची माणसं, प्रतिभा आणि प्रतिमा हे कार्यक्रम लोकप्रिय झाले. १९७३ मध्ये पुणे परिसरात मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. मराठवाड्यातील बहुतेक घरांत मात्र दूरचित्रवाणी १९८० च्या दशकातील प्रक्षेपकांच्या विस्तारानंतरच पोहोचली. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर व परिसरातील बहुसंख्य प्रेक्षकांना सई परांजपे यांची ओळख झाली ती थेट प्रक्षेपणाच्या काळातील निर्मात्या म्हणून नव्हे, तर चित्रपटांमुळे.

१ एप्रिल १९७६ रोजी दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून विभक्त होऊन दूरदर्शन ही स्वतंत्र यंत्रणा अस्तित्वात आली. याच दशकात सई परांजपे यांनी बाल चित्र समितीचे अध्यक्षपद दोनदा भूषविले व समितीसाठी जादू का शंख (१९७४), सिकंदर (१९७६) हे बालचित्रपट दिग्दर्शित केले.

दूरचित्रवाणीतून चित्रपटाकडे

सई परांजपे यांच्या पहिल्या दोन गाजलेल्या चित्रपटांची बीजे दूरचित्रवाणीत आहेत. स्पर्श या चित्रपटाचे कथानक प्रथम रैना बीती जाए या दूरचित्रवाणी नाट्याच्या रूपाने, तर चष्मेबद्दूरचे कथानक धुआँ धुआँ या नावाने सादर झाले होते.

स्पर्श ही अंध शाळेचा स्वाभिमानी प्राचार्य आणि एक तरुण विधवा यांची कथा आहे. नसीरुद्दीन शाह व शबाना आझमी यांनी त्यात प्रमुख भूमिका केल्या. बरेचसे चित्रीकरण दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या आवारात झाले. अंधत्वाकडे दयेच्या नजरेने न पाहता, मदत देणारा व घेणारा यांच्यातील अवघड नाते हा चित्रपट मांडतो. २७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यास सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, अभिनेता (नसीरुद्दीन शाह) व पटकथा (सई परांजपे) हे पुरस्कार मिळाले. सर्वत्र प्रदर्शित होण्यास विलंब झाल्याने फिल्मफेअर पुरस्कार मात्र त्याला १९८५ मध्ये लाभले.

चष्मेबद्दूर (१९८१) मध्ये दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन मित्र, शेजारच्या गल्लीतील एक मुलगी आणि कोपऱ्यावरचा उधारी देणारा पानवाला एवढ्याच सामग्रीतून विनोद उभा राहतो. कथा (१९८३) हा चित्रपट श. गो. साठे यांच्या ससा आणि कासव या मराठी नाटकावर आधारलेला असून तो चाळीत घडतो. बेताची पात्रे, मोजकी स्थळे, घटनांपेक्षा संवादांवर भिस्त आणि रोजच्या जगण्यातील बारीकसारीक तपशील, ही या चित्रपटांची वैशिष्ट्ये आहेत. स्टुडिओतील तीन कॅमेऱ्यांपुढे हाच संयम अपरिहार्य असे. पुढे निवडीचे स्वातंत्र्य मिळाल्यावरही तो त्यांच्या शैलीचा भाग राहिला. अर्थात तेवढीच त्यांची मर्यादा नव्हती. दिशा (१९९०) मध्ये गाव सोडून मुंबईच्या गिरणीत येणाऱ्या कामगारांचे जीवन अधिक विस्तृत पटावर आले आहे.

चित्रपटांत स्थिरावल्यावरही त्यांनी दूरचित्रवाणी सोडली नाही. अडोस पडोस (१९८४) व छोटे बडे (१९८५) या मालिका त्यांनी दूरदर्शनसाठी केल्या. मात्र तोवर माध्यम बदलले होते : १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले होते आणि मालिका आधी चित्रफितीवर मुद्रित होऊ लागल्या होत्या.

जतनाचा प्रश्न

थेट प्रक्षेपण हे स्वभावतःच क्षणभंगुर असते. प्रक्षेपणाबरोबर कार्यक्रम संपतो. वेगळे मुद्रण केले नसेल, तर मागे उरतात त्या फक्त संहिता, छायाचित्रे व आठवणी. चित्रफीत आल्यावरही ती महाग असल्याने पुसून पुन्हा वापरण्याची प्रथा जगभर होती. ब्रिटनच्या बीबीसीनेही १९६० च्या दशकातील अनेक कार्यक्रम अशा प्रकारे गमावले. १२ अँग्री मेनच्या मूळ थेट प्रक्षेपणाचे मुद्रण अनेक दशके अपुरे होते; त्याची पूर्ण प्रत २००३ मध्ये हाती लागली.

यामुळे या पिढीतील दिग्दर्शकांचे मूल्यमापन करताना एक अडचण उभी राहते. सई परांजपे यांचा चष्मेबद्दूर २०१३ मध्ये डिजिटल पुनरुज्जीवनानंतर नव्या पिढीने चित्रपटगृहात पाहिला. थेट प्रक्षेपित झालेल्या नाट्याला असा पुनर्जन्म मिळत नाही. ज्या वर्षांत दिग्दर्शक घडतो, त्याच वर्षांचा पुरावा सर्वांत विरळ असतो. अशा वेळी कलावंतांच्या आत्मकथनांना दस्तऐवजाचे मोल येते. सई परांजपे यांचे सय : माझा कलाप्रवास (२०१६, राजहंस प्रकाशन) हे पुस्तक या दृष्टीने महत्त्वाचे आहे. नभोवाणी, रंगभूमी, दूरचित्रवाणी व चित्रपट या चारही क्षेत्रांतील आठवणी त्यात आल्या आहेत. अ पॅचवर्क क्विल्ट हे त्यांचे इंग्रजी आत्मकथन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

सन्मान

भारत सरकारने २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. जानेवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या दहाव्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार प्रदान करण्यात आला.

निवडक कार्ये

दूरचित्रवाणी : द लिटल टी शॉप (१९७२), अडोस पडोस (१९८४), छोटे बडे (१९८५)
बालचित्रपट : जादू का शंख (१९७४), सिकंदर (१९७६)
चित्रपट : स्पर्श (१९८०), चष्मेबद्दूर (१९८१), कथा (१९८३), दिशा (१९९०), पपीहा (१९९३), साज (१९९७)
नाटके : जास्वंदी, सख्खे शेजारी, माझा खेळ मांडू दे