पलटण हरते तेव्हा घरात काय होते?

३१ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. इशाची जमात संपली आणि कोणाशी न बोलता मी घराकडे निघालो. प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची अंतिम लढत होती. दिल्लीच्या त्यागराज मैदानावर आमची पुणेरी पलटण आणि दबंग दिल्ली समोरासमोर उभ्या होत्या. घरात दूरचित्रवाणी सुरू होती, दादी तसबीह घेऊन खुर्चीत बसली होती, पण धाकटा मुलगा दिसत नव्हता. सामना सुरू असताना हा मुलगा खोलीत नाही, असे आमच्या घरी कधी होत नसे. त्याचे कारण मला माहीत होते आणि त्या कारणासाठीच हा लेख लिहीत आहे.

कळंब हे इंदापूर तालुक्यातले, वालचंदनगराला लागून असलेले नीरेकाठचे गाव. इथे कबड्डी कोणाला शिकवावी लागत नाही. ऊस तुटून गेला की मोकळ्या रानात फक्कीच्या रेषा पडतात. आमच्या लहानपणी अनवाणी पायांनी, गुडघे सोलून घेत आम्ही खेळलो. यात्रा असो की उरूस, सामने ठरलेले. संघात कोण कोणाच्या आळीतला हे कोणी पाहत नसे, दम कोणाचा टिकतो तेवढे पाहत. पुढे मी कारखान्यात कामाला लागलो, खेळ सुटला, पण बघण्याचे वेड राहिले. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि पुण्याचा संघ मैदानात आला, तेव्हापासून तो आमच्या घरचाच झाला.

घरचा माणूस जसा त्रास देतो, तसाच त्याने दिला. पहिल्या दोन्ही हंगामांत आठ संघांत आठवा. तिसऱ्या हंगामात, २०१६ साली, संघ सुधारला आणि उपांत्य फेरीत पोहोचला. तिथे पाटणा पायरेट्सने ४०-२१ असे धुतले. त्याच वर्षी चौथा हंगाम झाला. पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा पाटणा, ३७-३३. दोन्ही वेळा तिसरा क्रमांक मिळाला, पण तिसऱ्या क्रमांकाचे पेढे कोण वाटतो? २०१७ साली बाद फेरीत उत्तर प्रदेशला हरवून पुढे गेलो, तर समोर परत पाटणाच. ४२-३२. पाटण्याने ते तिन्ही हंगाम जिंकले, म्हणजे आम्ही विजेत्यांकडूनच हरलो होतो. पण रात्री अकरा वाजता एवढा हिशेब कोणाला सुचतो?

त्या तिन्ही हंगामांत पाटण्याकडे परदीप नरवाल होता. नंतर तो उत्तर प्रदेशच्या संघात गेला आणि आठव्या हंगामात आम्ही बाद फेरीत पोहोचलो तो नेमके उत्तर प्रदेशसमोर. ४२-३१, खेळ खलास. आमची दादी तेव्हा म्हणाली होती, ‘‘हा पोरगा कुठल्या गावचा आहे ते विचार, त्याला आपल्याकडेच का घेत नाहीत?’’

नववा हंगाम आला. इराणचा फझल अत्राचली आमचा कर्णधार होता. उपांत्य सामन्यात पंकज मोहितेच्या चढायांच्या जोरावर तमिळ थलैवाजना ३९-३७ असे हरवले आणि संघ पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरने ३३-२९ अशी बाजी मारली. त्या रात्री मी रिमोट भिंतीवर आपटला. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. तो रिमोटचे सेल गोळा करत होता आणि माझ्याकडे बघत होता. मला वाटले होते, तो सामना बघतोय.

एकाच रात्रीची परीक्षा

साखळीत चांगला खेळणारा संघ बाद फेरीत का कोलमडतो? भारतीय हॉकीच्या चाहत्यांनी हा प्रश्न किती वर्षे विचारला! १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकनंतर पदक यायला २०२१ चे टोकियो उजाडावे लागले. तिथेही उपांत्य सामन्यात बेल्जियमने ५-२ असे हरवले, मग जर्मनीला ५-४ असे नमवून कांस्य मिळाले. २०२४ च्या पॅरिसमध्ये पुन्हा उपांत्य फेरीत जर्मनीकडून ३-२ अशी हार आणि पुन्हा कांस्य.

कबड्डीत तर हे अधिकच. साखळीत वीसेक सामने असतात. एक हरला तर दुसरा जिंकून भरपाई होते. चढाई फुकट गेली, एखादा चढाईपटू दुखावला, तरी वेळ असतो. बाद फेरीत चाळीस मिनिटे, बस्स. चढाई तीस सेकंदांची. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करा किंवा मरा’. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड झाली तर त्यांना एक गुण जादा. म्हणजे जिंकत आलेल्या संघाचाही एका पकडीत तोल जातो. अशा खेळात जो हरतो तो नालायक असतो असे नाही. पण हे मी कागदावर लिहितो आहे, घरात कधी बोललो नव्हतो. घरात माझी भाषा वेगळी होती: ‘‘ह्याला कोणी घेतला संघात? पाय लटपटतात तर घरी बसावं.’’

दहाव्या हंगामात अल्लाहच्या कृपेने तो दिवस उगवला. संघाचा कर्णधार अस्लम इनामदार, श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. वडील लहानपणीच गेले, आईने मोलमजुरी करून मुले वाढवली, अशा घरातला हा पोरगा. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इराणला हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. गंमत म्हणजे तो सामनाही ३३-२९ असाच सुटला होता. प्रो कबड्डीच्या उपांत्य फेरीत समोर आला पाटणा! या वेळी ३७-२१ असा निकाल आमच्या बाजूने लागला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे हरवून पुणे विजेते झाले आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम. रमजान दहा-बारा दिवसांवर आला होता. दादीने मध्यरात्री शीरखुर्मा करायला घेतला, तेव्हा बेगम म्हणाल्या, ‘‘ईदला काही ठेवा.’’

पण पुढच्याच हंगामात अस्लम दुखावला आणि संघ आठव्या क्रमांकावर घसरला. अंतिम सामना पुण्यात, बालेवाडीत झाला, आणि करंडक हरियाणाने उचलला. आदल्या वर्षी आमच्यासाठी पकडी करणारा मोहम्मदरझा शादलू आता त्यांच्या संघात होता.

पाचांवर बोनस नसतो

आता मूळ गोष्टीकडे येतो. बारावा हंगाम सुरू असतानाच मुलाचा शाळेच्या संघातून तालुक्याचा सामना होता. माझी पाळी सुटायला उशीर झाला. मैदानावर पोहोचलो तेव्हा शेवटची दोन मिनिटे उरली होती आणि त्यांचा संघ एका गुणाने मागे होता. शेवटची चढाई माझ्या मुलाची. तो गेला, दोनदा आत घुसला, हात टाकला, पाय टाकला, कोणी लागले नाही. वेळ संपली आणि तो रिकामा परतला.

घरी पाहुणे होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, ‘‘बोनसची रेषा समोर होती. पाय टाकला असता तर बरोबरी झाली असती. एवढं कळत नाही तर खेळता कशाला? पाय लटपटतात तर घरी बसावं.’’

वाक्य तोंडून गेले आणि मलाच ओळखीचे वाटले. वर्षानुवर्षे मी ते पडद्यावरच्या पोरांना ऐकवत होतो. फरक इतकाच की ती पोरे ऐकत नव्हती. माझा मुलगा मात्र दर वेळी शेजारीच बसून ऐकत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याने मैदानावर जाणे बंद केले. पाय मुरगळला म्हणाला. मग अभ्यास आहे म्हणाला. संध्याकाळी इतर मुले हाक मारून निघून जात. बेगम एवढेच म्हणाल्या, ‘‘तुम्ही त्याला जिंकायला शिकवायला गेलात आणि हरायची भीती शिकवून आलात.’’

इकडे पलटण सुरेख खेळत होती. साखळीत अव्वल. क्वालिफायरमध्ये दिल्लीशी ३४-३४ अशी बरोबरी झाली, टायब्रेकरमध्ये दिल्ली ६-४ अशी सरस ठरली. मग तेलुगू टायटन्सना ५०-४५ असे हरवून आम्ही अंतिम फेरीत आलो. समोर पुन्हा दिल्ली, आणि दिल्लीच्या बचावात फझल अत्राचली. आमचा जुना कर्णधार.

सामना अर्धा झाला तेव्हा मुलगा दारात येऊन उभा राहिला. दादीने जागा करून दिली. मागे पडलेले पुणे उत्तरार्धात पुन्हा जवळ आले. आदित्य शिंदेच्या चढायांनी घर दणाणले. पण शेवटी ३१-२८. तीन गुणांनी दिल्ली जिंकली.

शेजारून आलेला एक मुलगा फझलला उद्देशून म्हणाला, ‘‘गद्दार!’’ माझ्या तोंडातही काहीतरी आलेच होते. त्याआधी दादी बोलली, ‘‘गद्दार कसा? मजूर ज्या फडावर नेला तिथं ऊस तोडतो. लिलावात ज्यानं घेतलं त्याच्यासाठी तो इमानानं खेळला.’’ खरेच होते. पुण्याहून तो गुजरातला गेला, तिथून बंगाल, मग दिल्ली. संघ खेळाडूला सोडतो, लिलावात दुसरा उचलतो. ज्याची मजुरी घेतली त्याचे काम चोख करणे, हीच तर आपण मुलांना शिकवतो ती गोष्ट.

मग मी मुलाला १९७५ च्या विश्वचषकाची गोष्ट सांगितली. क्वालालंपूर, हॉकीचा उपांत्य सामना, मलेशिया २-१ ने पुढे आणि वेळ संपत आलेली. बाकावर बसलेल्या अस्लम शेर खानला पेनल्टी कॉर्नरसाठी आत पाठवले. गळ्यातल्या तावीजाचे चुंबन घेऊन त्याने गोल मारला, असे सांगतात. जादा वेळेत भारत ३-२ ने जिंकला आणि मग अंतिम सामन्यात पाकिस्तानला २-१ असे हरवून जगज्जेता झाला. ‘‘तो गोल झाला नसता तर?’’ मी म्हणालो, ‘‘तरी तो तोच अस्लम राहिला असता. १९३६ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या अहमद शेर खानचा मुलगा. बापाला लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं.’’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘अब्बा, त्या दिवशी समोर पाचच होते.’’

‘‘काय?’’

‘‘बचावात पाच होते. पाचांवर बोनस नसतो. सहा लागतात. तुम्ही मोजले नव्हते.’’

मी मोजले नव्हते. आयुष्यभर खेळ बघितला, नियम तोंडपाठ, आणि पोटच्या मुलाच्या चढाईला समोर किती जण उभे आहेत हे पाहिले नाही. त्याने रेषेवर पाय टाकला असता तरी पंचांनी गुण दिला नसता. त्याला गडी मारणेच भाग होते आणि तो जीव तोडून तेच करत होता.

दादीच्या देखत मी त्याची माफी मागितली. बाप मुलाची माफी मागतो तेव्हा घर लहान होत नाही, हे मला त्या दिवशी कळले. दुसऱ्या दिवशी तो मैदानावर गेला असे सांगून गोष्ट गोड करणार नाही. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी असरनंतर मुलांनी हाक मारली आणि तो पायात बूट घालताना दिसला. मी काही बोललो नाही.

वाचकहो, तुमच्याही घरात कोणाचा ना कोणाचा संघ असेल. क्रिकेट असेल, फुटबॉल असेल. संघावर रागवा, तो हक्क आहे; प्रेम असते तिथेच राग येतो. फक्त रागवताना शेजारी कोण बसले आहे ते एकदा बघा. आणि कोणाला नावे ठेवण्याआधी, समोर किती जण उभे होते ते मोजा.

पलटण पुढच्या हंगामात पुन्हा उतरेल. इन्शाअल्लाह, आम्हीही सगळे समोर बसू. रिमोट दादीच्या हातात असेल.