गढी ते पाडळसिंगी: स्पीडगनसोबतचा दिवस

सकाळी आठ. धुळे-सोलापूर महामार्गावर उभ्या राहणाऱ्या महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीचा दिवस स्पीडगनच्या तपासणीने सुरू होतो. बॅटरी, भिंग, तारीख-वेळ बघायची. मग माहीत असलेल्या अंतरावरच्या खांबावर नेम धरायचा आणि आकडा जुळतो का ते पाहायचं. काम कंटाळवाणं आहे, पण घड्याळ दहा मिनिटं मागे असलं तरी वकिलाला तेवढं पुरतं. वाण्याच्या तराजूला जसा वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो, तसा 2025 पासून रडारवर चालणाऱ्या वेगमापकांनाही लागतो.

साडेनऊ. जागा निवडायची. गेवराई सोडली की गढी, मग पाडळसिंगीचा टोलनाका, पुढे बीड. चौपदरी झाल्यापासून हा पट्टा असा सरळ आहे की चालकाला वेग जाणवतच नाही. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत अशा दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर कारला कमाल 100 आणि मालवाहू गाडीला 80 अशी मर्यादा आहे. राज्याला ती कमी करता येते, म्हणून फलकावरचा आकडा खरा मानायचा.

झाडाआड लपून गाडी लावण्यात काही मतलब नसतो. पंधरा-वीस मिनिटांत समोरून येणारे ट्रकवाले डिपर मारून पलीकडच्यांना सावध करतात आणि सगळी रांग सभ्य होते. हवालदाराला याचा राग यावा अशी आपली समजूत असते. मला मात्र हा डिपर म्हणजे खात्याचा बिनपगारी मदतनीसच वाटतो. निदान तेवढे दोन-तीन किलोमीटर तरी सगळे हळू जातात.

दहा ते एक, खरा धंदा. ही स्पीडगन रडारची नाही, लेसरची. ट्रिगर दाबला की डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे शेकडो ठोके गाडीवर आपटून परत येतात. प्रत्येक ठोक्याला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं आणि अंतर किती झपाट्याने घटतंय त्यावरून वेग. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत होतं. ‘कडेला उभं राहून मारली, म्हणून आकडा वाढला’ ही तक्रार रोज ऐकू येते. प्रत्यक्षात उलट घडतं. गाडी सरळ येत असते आणि स्पीडगन तिरकी धरलेली असते, त्या कोनामुळे आकडा थोडा कमीच दिसतो. फायदा चालकाचाच.

अडतं ते नंबरप्लेटपाशी. एमएच 23 पर्यंत सगळं ठीक असतं, पुढे 4141 ला वळणं देऊन ‘दादा’ केलेलं असतं, 214 चा ‘राम’ झालेला असतो. यंत्राला दादा वाचता येत नाही. मग फोटो मोठा करून माणूसच वाचतो.

एक वाजता जेवण, पण फोन थांबत नाहीत. डिसेंबर 2021 पासून राज्यात वाढीव दंड लागू आहे. वेगासाठी कारला 2000 रुपये, जड वाहनाला 4000. थांबवलेला पोरगा आधी म्हणतो, ‘साहेब, गाडी मेव्हण्याची आहे.’ मग म्हणतो, ‘भाऊंशी बोला ना एकदा,’ आणि मोबाइल पुढे करतो. ई-चलानने इथे एक बरं केलंय. एकदा नोंद गेली की भाऊ बोलले काय, न बोलले काय, दंड मालकाच्या नावावर बसतो. पण गाडी तीनदा विकली गेली आणि कागद पहिल्याच्याच नावावर राहिले, तर एसएमएस भलत्याच माणसाला जातो. 2021 च्या केंद्रीय नियमाने यंत्राने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायचं बंधन घातलं. ती पोचते कुणाकडे, हा प्रश्न वेगळा. पुढे लोक अदालतीत रांगा लागतात त्या अशाच.

बीड जिल्ह्याला रस्त्याची भीती शिकवावी लागू नये. इथलेच नेते गोपीनाथ मुंडे 3 जून 2014 ला दिल्लीत गाडीच्या अपघातात गेले, इथलेच विनायक मेटे 14 ऑगस्ट 2022 ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. त्या मार्गावर 2024 पासून कमानींवरचे कॅमेरे आपोआप चलान पाठवतात. इथे मात्र अजून कुणीतरी उन्हात उभं राहून नेम धरतो.

चार वाजता नोंदी, फोटो, पाणी.

सहानंतर रस्ता बदलतो. गाळपाचे दिवस आहेत आणि जय भवानी कारखाना गढीलाच आहे. अंधार पडला की एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर आणि मागे एकही दिवा नाही, अशी वाहनं महामार्गावर चढतात. ढाब्यासमोर दुभाजक फोडलेला असला तर उलट्या बाजूनेही येतात. त्यांचा वेग पंधरा-वीस. स्पीडगनच्या लेखी हे सगळ्यात निर्दोष वाहन.

हिशोब मांडून बघा. शंभरच्या वेगात कार सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत सेकंदभर गेला, पुढे चांगल्या रस्त्यावरही थांबायला पन्नासच्या वर मीटर लागतात. खालच्या झोतात दिसतं ते चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे मर्यादा पाळणारा माणूससुद्धा ट्रॉली दिसल्यावर तिच्याआधी थांबू शकत नाही. दिवसा दोन हजारांची पावती फाडणारा कायदा या हिशोबापाशी तोकडा पडतो, असं माझं मत. वेगाला दंड हवाच, पण बिनदिव्याच्या ट्रॉलीशी गाठ पडेल तिथे त्याच्याइतकंच मोल रिफ्लेक्टरच्या लाल पट्टीला आहे.

म्हणून साडेसातला स्पीडगन पेटीत जाते आणि रिफ्लेक्टरचा रोल बाहेर येतो. हात दाखवून ट्रॅक्टर कडेला घ्यायला लावतात. चालक गेवराईकडचाच, पन्नाशीचा, घाबरलेला.

‘साहेब, किती दंड?’

‘दंड राहू द्या मामा. मागच्या ट्रॉलीला काहीच नाही, तुम्हाला कळतंय का?’

‘ट्रॉली मालकाची हाय.’

‘अन् जीव? फडकं आहे का जवळ? मग उतरा आधी, धूळ पुसा. नाहीतर पट्टी चिकटत नाही.’