'सोसायटी ऑफ द स्नो': वैमानिकांच्या एका चुकीमुळे वाचलेली पोरंही चुकीचा नकाशा डोक्यात धरून बसली

जानेवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला 'सोसायटी ऑफ द स्नो' बघून झाला की चर्चा होते ती माणसाचं मांस खाऊन जगलेल्या पोरांची. ते साहजिक आहे. पण या खऱ्या घटनेत तेवढीच अंगावर येणारी दुसरी गोष्ट आहे. आपण नेमके कुठे पडलोय, हेच त्यांना माहीत नव्हतं.

१३ ऑक्टोबर १९७२. उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान ४५ जणांना घेऊन चिलीची राजधानी सँटियागोला निघालं होतं. त्यात ओल्ड ख्रिश्चन्स या रग्बी क्लबचे खेळाडू होते, त्यांचे मित्र आणि नातेवाईक होते. आदल्या दिवशी हवामान बिघडल्यामुळे अर्जेंटिनातल्या मेंडोझात मुक्काम पडला होता.

अँडीजची शिखरं सरळ ओलांडणं या विमानाला झेपणारं नव्हतं. म्हणून दक्षिणेकडून प्लँचोन खिंडीतून पलीकडे जायचं आणि चिलीतल्या कुरिको शहरावरून उत्तरेला वळायचं, असा मार्ग ठरला. खाली सगळे ढग. शहर दिसणार कुठून? अंदाज घड्याळावर. खिंडीपासून कुरिकोला साधारण ११ मिनिटं लागतात. वैमानिकांनी ३ मिनिटांतच 'कुरिको आलं' असं कंट्रोलला कळवलं, उत्तरेला वळले आणि खाली उतरायची परवानगी घेतली. त्यात वारा समोरून होता, म्हणजे उलट जास्त वेळ लागायला हवा होता. विमान डोंगरातच उतरू लागलं. पंख तुटले, शेपूट तुटलं आणि उरलेला सांगाडा बर्फावरून घसरत एका हिमनदीवर थांबला.

खरा घोळ इथून पुढे आहे. मरणाच्या दारात असलेला सहवैमानिक 'आपण कुरिको ओलांडलं' असं सांगत राहिला. पोरांनी विश्वास ठेवला, दुसरं होतं काय त्यांच्याकडे? उंची दाखवणारं यंत्र ७,००० फूट दाखवत होतं, म्हणजे साधारण २,१०० मीटर. प्रत्यक्षात ते ३,५०० मीटरच्या वर होते आणि अजून अर्जेंटिनातच होते. पूर्वेला सुमारे २० किलोमीटरवर एक बंद पडलेलं हॉटेल होतं. त्यांना मात्र वाटत होतं, पश्चिमेचा हा एक डोंगर चढला की खाली चिलीची हिरवी दरी.

शोध ८ दिवसांत थांबला. पांढरं विमान पांढऱ्या बर्फात वरून दिसत नव्हतं. शोध थांबल्याचं पोरांना ट्रान्झिस्टरवरूनच कळलं. खाणं संपलेलं, आजूबाजूला गवताची काडी नाही. मेलेल्या सोबत्यांचं शरीर खायचं का, यावर वाद झाले, आणि 'मी गेलो तर माझं शरीर वापरा' असं काहींनी एकमेकांना सांगून ठेवलं. २९ ऑक्टोबरला हिमस्खलनात आणखी ८ जण गेले.

१२ डिसेंबरला नांदो पार्रादो, रोबेर्तो कानेस्सा आणि अँटोनियो व्हिझिंतिन पश्चिमेला निघाले. चढताना कानेस्साला पूर्वेकडे रस्त्यासारखं काहीतरी दिसलं, पण पार्रादोला पश्चिमच हवी होती. माथ्यावर पोहोचल्यावर समोर हिरवळ नव्हती. नजर जाईल तिथवर बर्फाची शिखरं होती. दोघांपुरतं अन्न टिकावं म्हणून व्हिझिंतिन मागे फिरला. दहा दिवसांच्या चालीनंतर एका नदीपलीकडे सर्जिओ कातालान हा गुराखी दिसला. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू जाईना, म्हणून कागद दगडाला बांधून फेकला गेला. निरोप घेऊन कातालान घोड्यावरून पोलिसांकडे गेला. २२ आणि २३ डिसेंबरला हेलिकॉप्टरनी डोंगरातल्या १४ जणांना बाहेर काढलं. एकूण वाचले १६.

(स्पॉयलर म्हणून रागावू नका, बातमी ५० वर्षं जुनी आहे.)

याच घटनेवर १९९३ मध्ये 'अलाइव्ह' हा इंग्रजी सिनेमा आला होता. दिग्दर्शक जे. ए. बायोना यांनी स्पॅनिश भाषा आणि उरुग्वे-अर्जेंटिनातले कलाकार घेतले, आणि गोष्ट सांगायला निवडला नुमा तुर्कात्ती. नुमा ११ डिसेंबरला गेला, तिघं निघायच्या आदल्या दिवशी. डोंगरातला तो शेवटचा मृत्यू. सिनेमात मृतांची नावं आणि वयं पडद्यावर येत राहतात.

वाचलेल्यांची नावंही येतात, शेवटाकडे. एक बाप रेडिओसाठी ती यादी वाचून दाखवतो. ती भूमिका केली आहे प्रत्यक्षात वाचलेल्या कार्लितोस पाएझने, म्हणजे स्वतःच्याच वडिलांची. त्या यादीत त्याचंही नाव आहे.