विंडोज १० चा निरोप : जुन्या संगणकाचे काय करावे?

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य थांबविले. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेल्या या कार्यप्रणालीने दहा वर्षे घराघरांत, शाळांत, पतपेढ्यांत व धर्मग्राम कार्यालयांत सेवा दिली. साहाय्य थांबले म्हणजे नेमके काय झाले आणि आपण कोणती तयारी करावयास हवी, याची माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू या. साहाय्य संपले म्हणून संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीप्रमाणेच सुरू होतो, पत्रे टंकलिखित करतो, छायाचित्रे दाखवितो. धोका दिसत नाही, म्हणूनच तो अधिक. प्रत्येक कार्यप्रणालीत काही त्रुटी राहून गेलेल्या असतात व त्या कालांतराने उघडकीस येतात. कंपनी दर महिन्याला सुधारणा पाठवून या त्रुटी बुजविते. साहाय्य संपले की ही डागडुजी थांबते. शिवाय विंडोज ११ साठी सुधारणा प्रसिद्ध झाली, की तिचा अभ्यास करून जुन्या प्रणालीत तीच फट आहे काय, याचा शोध संगणकीय चोर घेऊ शकतात. एकाचे औषध हाच दुसऱ्याच्या दुखण्याचा पत्ता ठरतो.

हा धोका काल्पनिक नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांवर हल्ला केला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या त्रुटीतून हा हल्ला झाला, ती बुजविणारी सुधारणा १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीच उपलब्ध झाली होती. बाधित झालेल्या संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होती. तिला तेव्हा साहाय्य मिळत होते, परंतु ती सुधारणा बसविली गेली नव्हती. विंडोज एक्सपीचे साहाय्य तर ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेले. तिच्यासाठी कंपनीने हल्ल्यानंतर अपवाद म्हणून सुधारणा दिली. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' या दुसऱ्या हल्ल्याची झळ उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनललाही लागली. दूरदेशीचे संकट आपल्या किनाऱ्यावर यावयास वेळ लागत नाही.

आता आपल्यापुढील पर्याय पाहू.

पहिला पर्याय विंडोज ११ चा. पात्र संगणकावर विंडोज १० वरून ती विनामूल्य बसविता येते. त्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-सोय आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. 'पीसी हेल्थ चेक' हा कंपनीचा विनामूल्य प्रोग्राम ही तपासणी करून देतो. कधी कधी टीपीएम असूनही ते बंद ठेवलेले असते, म्हणून संगणक अपात्र ठरला तरी जाणकारास दाखविल्याशिवाय नवा घेण्याची घाई करू नये.

दुसरा पर्याय वाढीव सुरक्षा-सुधारणांचा. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची योजना जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट खात्याशी संगणकाची सेटिंग्ज जोडल्यास ती विनामूल्य, अन्यथा तिचे मूल्य ३० डॉलर ठेवण्यात आले. संस्थांसाठी वेगळी योजना आहे : पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट आणि जास्तीत जास्त तीन वर्षे. ही केवळ तात्पुरती सोय आहे.

तिसरा पर्याय लिनक्सचा. उबुंटू, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस या प्रणाली विनामूल्य मिळतात व जुन्या संगणकांवरही चालू शकतात. इंटरनेट, ईमेल व पत्रलेखन एवढेच काम असणाऱ्यांस हा पर्याय चांगला आहे. मात्र विंडोजसाठी बनविलेली हिशेबाची सॉफ्टवेअरे तिच्यावर थेट चालत नाहीत, हे आधी तपासावे.

चौथा पर्याय जुना संगणक इंटरनेटपासून पूर्णपणे तोडून केवळ टंकलेखनास वापरण्याचा. तसे केल्यास त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत आणि पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नये.

आम्हा मराठी भाषकांना आणखी एक काळजी घ्यावी लागेल. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने आपण लिहीत होतो. त्या काळच्या अनेक फाइलींत प्रत्यक्षात रोमन लिपीची चिन्हे साठविलेली असतात. फाँटमुळे ती देवनागरी दिसतात. फाँट नसेल, तर सारा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन बसतो. विंडोज ११ ची केवळ ६४-बिट आवृत्ती असल्याने नव्वदीच्या दशकातील १६-बिट प्रोग्राम तिच्यावर चालत नाहीत. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच स्मरणिका, इतिवृत्ते, वंशावळी, वडीलधाऱ्यांच्या आठवणी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात, रूपांतर वाचून पाहावे आणि प्रत्येकाची एक पीडीएफ प्रत ठेवावी. संगणक नवा मिळतो. पण त्यातला मजकूर गेला, की तो लिहिणारे पुन्हा भेटतीलच असे नाही.

कोणताही पर्याय निवडा, आरंभी सर्व फाइलींच्या प्रती काढा. एक प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर आणि एक वेगळ्या जागी ठेवावी. ती उघडते की नाही, हेही पाहावे. पासवर्ड व सॉफ्टवेअरचे परवाना-क्रमांक कागदावर नोंदवून कुलपात ठेवावेत. संगणक मोडीत काढताना हार्ड डिस्क पुसून घ्यावी व तो नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावा.

अखेरीस एक इशारा. "तुमची विंडोज संपली आहे, आम्ही दुरुस्त करून देतो," असा अनाहूत फोन आल्यास तो तत्काळ बंद करावा. मायक्रोसॉफ्ट असे फोन करीत नाही. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आपल्या धर्मग्रामांतील संगणक जाणणाऱ्या तरुण-तरुणींना आमची विनंती आहे : एखादी संध्याकाळ शेजारच्या आजी-आजोबांच्या संगणकासाठी द्या. एवढ्याने त्यांचे पैसे आणि आयुष्यभराची कागदपत्रे सुरक्षित राहू शकतील.