३६५ गडी आणि ४८ मुकादम

मित्रांनो, फार जुन्या काळी इजिप्त देशात मेलेल्या माणसाजवळ लहान बाहुल्या पुरत. त्यांना 'शाब्ती' म्हणतात. कोणी लाकडाची, कोणी दगडाची, कोणी निळ्या झिलईची. त्या लोकांना वाटे, मेल्यावरही शेतात राबावे लागते, पाणी द्यावे लागते, वाळू वाहावी लागते. मालकाला कामाचे बोलावणे आले, की बाहुलीने "हजर!" म्हणायचे अन् कामाला लागायचे. म्हणून पुष्कळ शाब्तींच्या हातात कुदळ अन् पाठीवर टोपली असते.

१९२२ साली हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामेन राजाची कबर सापडली. तिच्यात ४१३ शाब्ती निघाल्या. दिवसाला एक असे ३६५ गडी, दहा गड्यांमागे एक असे ३६ मुकादम आणि महिन्याला एक असे आणखी १२ मुकादम. बेरीज करून पहा बरं! प्रत्येक वस्तूची नोंद झाली, म्हणून हा हिशोब कळला. इतर हजारो शाब्ती मात्र चोरांनी अन् व्यापाऱ्यांनी विकल्या. त्यातल्या कित्येकींची कबर कोणती, हे आता सांगता येत नाही.

आपल्या विदर्भातही नागपूरजवळ जुनापाणी येथे दगडी वर्तुळांखाली मेलेल्यांसोबत पुरलेल्या लोखंडी वस्तू निघाल्या. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे खोदले. त्यातल्या काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या.

पालकांनो, नांगरताना, विहीर खणताना जुने काही निघाले तर विकू नका, मोडू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टर कचेरीत कळवा. वस्तू कुठे अन् कशी सापडली हे कळले, तरच तिचा इतिहास लिहिता येतो.